डॉक्टर, तोंडी सांगता तेच लिहून द्या : गोव्यातील तज्ज्ञ डॉक्टरांना खुले पत्र

गोव्यातील सर्व तज्ज्ञ डॉक्टरांना,
सरकारी सेवेतल्या, खासगी इस्पितळांतल्या, आणि निवृत्तीनंतरही सकाळी दोन तास दवाखाना उघडणाऱ्यांनासुद्धा,

सप्रेम नमस्कार.

मी डिचोलीत वकिली करते. मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचे दावे, वारसाहक्काच्या वाटण्या, बँकांची थकबाकी असं नेहमीचं काम. त्यात अधूनमधून एखादं कुटुंब प्लास्टिकच्या पिशवीत इस्पितळाचे कागद भरून येतं. घरचं माणूस गेलेलं असतं किंवा कायमचं अधू झालेलं असतं, आणि प्रश्न एकच असतो: ‘बाई, हे डॉक्टरमुळे झालं का?’

यांतल्या बहुतेकांना मी समजावून परत पाठवते. उपचार नीट करूनही माणूस दगावतो, गुंतागुंत म्हणजे गुन्हा नव्हे, हे मला कळतं आणि थोडं बसून बोललं तर त्यांनाही कळतं. पण पाच-सात पिशव्यांमागे एक अशी निघते की कागद वाचताना मन खात राहतं. तेव्हा मी काय करावं? कायदा सांगतो, त्या शाखेच्या डॉक्टरला विचारा. मी विचारते. तुम्ही सांगताही, अगदी स्पष्ट सांगता. फक्त लिहून देत नाही. कायद्याची पुस्तकं कपाटात भरलेली असतात आणि प्रकरण तुमच्या एका सहीपाशी अडतं. हे पत्र त्या सहीसाठी आहे.

लिखित मताशिवाय आमचं का अडतं, ते आधी सांगते. न्यायाधीश किंवा ग्राहक आयोगाचे सदस्य डॉक्टर नसतात. निष्काळजीपणा ठरवण्याची कसोटी १९५७ सालच्या बोलम या इंग्लंडमधल्या खटल्यातून आली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात ती आपल्याकडे पक्की केली. त्या शाखेतल्या साधारण कौशल्याच्या, जबाबदार डॉक्टरांनी जे केलं असतं ते केलं असेल, तर तो डॉक्टर दोषी नाही. दुसऱ्या एखाद्याने वेगळं औषध दिलं असतं, वेगळ्या पद्धतीने टाके घातले असते, एवढ्याने काही ठरत नाही. कसोटी योग्यच आहे. ती नसती तर अवघड शस्त्रक्रियेला कुणी हात लावला नसता. पण साधारण कौशल्याच्या सर्जनने अशा वेळी काय केलं असतं, हे वकिलाने सांगून कसं चालेल? ते सर्जननेच सांगायला हवं. आणि चूक दाखवली तरी निम्मंच काम होतं. त्याच चुकीमुळे इजा झाली, हेही दाखवावं लागतं. खटले बहुतेकदा या दुसऱ्या पायरीवर घसरतात.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर संध्याकाळी एका विशीतल्या मुलाला अपघात झाला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. किनारा घरापासून लांब, खाट आणून त्याला घरी न्यायलाच वेळ गेला. गावच्या डॉक्टरांनी लाकडी फळ्या बांधल्या, मग दोन दिवसांनी टॅक्सीत आडवा ठेवून रात्रभर प्रवास करून पुण्याला नेलं. तिथे पूर्ण भूल न देता, मॉर्फियाच्या एका इंजेक्शनवर, जोर लावून हाड बसवण्यात आलं आणि मुलगा त्याच रात्री गेला. खटला उभा राहिला तेव्हा वाद पाय ओढला की नाही एवढ्यापुरता उरला नव्हता. मृत्यू कशाने झाला, यावर तो येऊन थांबला. डॉक्टरांचं म्हणणं, हाडातल्या चरबीचे कण रक्तात गेले. आईवडिलांचं म्हणणं, भुलीशिवाय केलेल्या जोरजबरदस्तीने बसलेला धक्का. जोशी विरुद्ध गोडबोले हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात १९६८ साली निकाली निघालं, म्हणजे १५ वर्षांनी. कोर्टाने धक्का हेच कारण मानलं आणि ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. वैद्यकीय निष्काळजीपणावरच्या निकालपत्रांत आजही याचा हवाला दिला जातो.

या खटल्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. मुलाचे वडील स्वतः डॉक्टर होते, दौंडला दवाखाना चालवत. आता १९९८ चं कोलकात्याचं, उपचारांनंतर दगावलेल्या अनुराधा साहा यांचं प्रकरण आठवा, ज्यात २०१३ साली सुमारे ६ कोटींची भरपाई आणि वर व्याज मंजूर झालं. तिथे लढणारा नवरा अमेरिकेत राहणारा डॉक्टर होता, आणि परदेशातल्या तज्ज्ञांची मतं तो उभी करू शकला. तिसरं, २०१० चं हैदराबादचं किशन राव प्रकरण. मलेरिया असलेल्या बाईवर टायफॉइडचे उपचार झाले आणि ती गेली. तिचा नवरा मलेरिया खात्यातच अधिकारी! म्हणजे ज्यांच्या घरात आधीच कागद वाचणारं कुणी होतं, ते पोचले. मये गावच्या ट्रक ड्रायव्हरच्या बायकोने काय करायचं?

हा ट्रक ड्रायव्हर मी उगाच आणलेला नाही. त्याची फाइल माझ्याकडे आली होती. पित्ताशयाच्या खड्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, इस्पितळ खासगी, नाव मुद्दाम घेत नाही. दुपारी ऑपरेशन, संध्याकाळी माणूस बोलत होता, पहाटे बांबोळीच्या सरकारी इस्पितळात हलवला आणि वाटेत गेला. मी ती फाइल एका ज्येष्ठ सर्जनकडे घेऊन गेले. भला माणूस. डिस्चार्ज समरी बाजूला सारली, ‘ती शेवटी लिहितात’ म्हणाले, आणि नर्सिंग चार्ट मागितला. खिशातून पेन्सिल काढून नाडीच्या आकड्यांवर छोटे छोटे गोल करत गेले. नऊ वाजता ८८, अकरा वाजता ११२, दीड वाजता १२८. त्याच ओळींत रक्तदाब उतरत आलेला. मग कागद उलटा करून मला दाखवला: दीडनंतर साडेचारपर्यंत काहीच नोंद नाही, आणि रात्री कुणी डॉक्टर येऊन पाहून गेल्याची एक ओळही नाही. ‘आत रक्त वाहत होतं. सिस्टरला आकडे दिसत होते, कुणीतरी फोन उचलायला हवा होता. दोनपर्यंत पोट उघडलं असतं तर बहुधा वाचला असता.’

मी म्हटलं, डॉक्टर, एवढंच दोन परिच्छेदांत लिहून द्याल का?

त्यांनी ड्रॉवर उघडला, खोडरबर काढला आणि चार्टवरचे सगळे गोल एकेक करून पुसले. फुंकर मारून कागद साफ केला आणि फाइल परत दिली. ‘तो माझ्या मुलाचा बॅचमेट आहे. शिवाय माझे पेशंट आयसीयूला तिथेच जातात.’ मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगते. ड्रायव्हरची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘दोतोर तोंडान सांगता, पूण बरोवन दिना.’ डॉक्टर तोंडाने सांगतात, पण लिहून देत नाहीत.

सगळं दुखणं या बॅचमेटमध्ये आहे, आणि ते गोव्यात जास्त ठणकतं. आपलं राज्य केवढं? २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं. १८४२ साली पणजीत सुरू झालेली ती जुनी एश्कोला, म्हणजे पोर्तुगीजांची वैद्यकीय शाळा, तिचंच १९६३ नंतरचं रूप म्हणजे आपलं गोमेकॉ, गोवा मेडिकल कॉलेज. इथल्या बहुतेक डॉक्टरांनी तिथेच शिकलेलं किंवा शिकवलेलं. एखाद्या उपशाखेचे डॉक्टर पणजी ते मडगाव हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. एकाने दुसऱ्याला शिकवलेलं, तिसऱ्याच्या लग्नात चौथा वाढपी होता, आणि रविवारी पेशंट एकमेकांकडे पाठवायचे असतात. अशा ठिकाणी ‘निःपक्ष तज्ज्ञ आणा’ असं कायदा म्हणतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर म्हापसा किंवा फोंडा नसतो, एवढं नक्की.

थोडं दूरही पाहू. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये डॉक्टरवर दावा लावला तर प्रतिवादीचं उत्तर आल्यापासून १२० दिवसांत तज्ज्ञाचा अहवाल द्यावाच लागतो, नाहीतर दावा उडतो आणि समोरच्याचा खर्चही भरावा लागतो. नियम कडक आहे. पण तिथे मत देणारा तज्ज्ञ हजार मैलांवरून मिळतो आणि ते काम उघडपणे चालतं. आपल्याकडे तसा सरसकट नियम कायद्यात नाही. २००९ साली मार्टिन डिसोझा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की तज्ज्ञ डॉक्टर किंवा समितीचा अहवाल आल्याशिवाय डॉक्टरला नोटीसच काढू नये. वर सांगितलेल्या किशन राव प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की ग्राहकांच्या तक्रारींना ते बंधन लागू होत नाही. प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञ लागतोच असं नाही, आणि तज्ज्ञाशिवाय दिलेली २ लाखांची भरपाई पुन्हा कायम केली. पोटात कापूस राहिला, उजव्याऐवजी डावा पाय कापला, होमिओपॅथीची पदवी असलेल्याने ॲलोपॅथीची औषधं दिली, तर तिथे तज्ज्ञ कशाला हवा?

पण अशी ढळढळीत प्रकरणं थोडी. ट्रक ड्रायव्हरसारखी पुष्कळ, जिथे प्रश्न रात्रीच्या तीन तासांचा असतो. आणि तिथे निकालात ते ठरलेलं वाक्य येतं: तक्रारदाराने तज्ज्ञाचा पुरावा दिला नाही, सबब तक्रार फेटाळण्यात येते. वाक्य बरोबर असतं. फक्त तो पुरावा का आला नाही, हे त्यात कुठे लिहिलेलं नसतं.

आता तुमच्याच नियमांकडे येते. डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे जे नियम आहेत, त्यांतलं १.७ क्रमांकाचं कलम पुन्हा एकदा काढून वाचा. व्यवसायबंधूंपैकी कुणाचं अकार्यक्षम, भ्रष्ट, अप्रामाणिक किंवा अनैतिक वर्तन दिसलं, तर डॉक्टरने भीती वा पक्षपात न बाळगता ते उघड करावं, असं ते सांगतं. हा नियम वकिलांनी केलेला नाही, तुमच्या परिषदेने केलेला आहे. त्याच नियमांत रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत, भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्यात, असंही आहे. कागद मागायला गेलेल्यांना ‘डॉक्टर आले की या’ असं सांगून आठवडाभर फिरवणारी इस्पितळं मी पाहिली आहेत, आणि फाइल हाती येते तेव्हा चार्टवरची शाई अधूनमधून फारच ताजी दिसते. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची. त्यातले सहा महिने कागदांत आणि सहा महिने डॉक्टर शोधण्यात जातात.

तुम्ही मनात म्हणत असाल, आम्ही सही करायची आणि वकील आम्हाला पिंजऱ्यात उभं करणार. खरं आहे. माझ्या व्यवसायातल्या मंडळींनी साक्षीला आलेल्या डॉक्टरांना जसं वागवलंय, ते पाहून मलाच लाज वाटते. सकाळी दहाला बोलवायचं, दीडपर्यंत बाहेरच्या बाकावर बसवायचं आणि मग तारीख मागून घ्यायची. उलटतपासणीत ‘हो की नाही एवढंच सांगा’ म्हणायचं, जिथे खरं उत्तर ‘परिस्थितीवर अवलंबून’ असं असतं. तक्रारदाराचा वकीलही कमी नाही. त्याला हवं तेच मत लिहून मागतो आणि डॉक्टरने एखादं वाक्य बदललं की नाराज होतो. असं मत मागायला कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. माझी मागणी वेगळी आहे.

दोष दाखवणारंच मत द्या, असं मी म्हणत नाही. कागद वाचा आणि जे दिसतं ते कारणांसह लिहा. दोष नसेल तर ‘दोष नाही’ असंही लिहून द्या. मला त्याची तितकीच गरज आहे. एखाद्या सर्जनने दोन ओळी लिहून दिल्या की ही गुंतागुंत शंभरात एखाद्याला होतेच आणि इथे ती वेळेत ओळखली गेली, तर ते कुटुंब तिथेच थांबतं. तो कागद नसतो म्हणून संशय घरात वाढत जातो आणि एक दिवस पंचवीस माणसं इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहतात. किंवा पोलीस ठाण्यात जातात. तिथे तर खेळ वेगळाच. जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं आहे की डॉक्टरविरुद्धची खासगी फिर्याद दुसऱ्या सक्षम डॉक्टरच्या विश्वासार्ह मताशिवाय दाखल करून घेऊ नये, आणि तपास अधिकाऱ्यानेही शक्यतो सरकारी सेवेतल्या, त्या शाखेच्या डॉक्टरचं स्वतंत्र मत घ्यावं. भारतीय न्याय संहितेच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे, इतरांना पाच वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून ते लागू आहे. तुमच्यातल्या एकाची अब्रू आणि कदाचित स्वातंत्र्य दुसऱ्या एका डॉक्टरच्या मतावर उभं असतं. ते मत दोन ओळींचं, कारणांशिवायचं, ‘सकृतदर्शनी निष्काळजीपणा आढळत नाही’ किंवा ‘आढळतो’ एवढंच असावं, हे तुम्हाला तरी चालतं का?

मत देणारा ओळखीचा असू नये, याची सोय कठीण नाही. कायद्याने दार उघडंच ठेवलंय. २००२ सालच्या डॉ. मर्चंट प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ग्राहक आयोगापुढे तज्ज्ञाची उलटतपासणी टेलिफोनवर किंवा व्हिडिओवर घेता येईल, कमिशनर नेमूनही घेता येईल, आणि तिचा खर्च ती मागणाऱ्याने सोसावा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर आयोगाला व्हिडिओवर सुनावणी घेण्याची, योग्य ठिकाणाहून अहवाल मागवण्याची मुभा आहे. मग कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, मुंबई इथले तज्ज्ञ दूर कुठे आहेत? बेळगावचा सर्जन आपल्या खुर्चीत बसून पणजीला साक्ष देऊ शकतो. त्याच्या मुलाचा बॅचमेट म्हापशात असण्याची शक्यताही जरा कमी.

म्हणून गोवा मेडिकल कौन्सिलला आणि तुमच्या संघटनांना विनंती: शाखेनुसार एक यादी करा, तीत निम्मी नावं गोव्याबाहेरची ठेवा. रुग्णाचे नातेवाईक, इस्पितळ किंवा आयोग यांपैकी कुणीही मागितलं तर चिठ्ठी टाकून नाव द्या, म्हणजे नाव कुणी निवडलं हा प्रश्नच उरणार नाही. मत देणाऱ्याने पहिल्या परिच्छेदात लिहावं की संबंधित डॉक्टर त्याचा विद्यार्थी, सहकारी, भागीदार किंवा नातेवाईक नाही, आणि त्या इस्पितळात तो पेशंट पाठवत नाही. फी ठरवून टाका, ती आधी भरायची, आणि गरिबाची फी कुठून यायची तेही ठरवा. मुदत घाला, दोन महिने पुरेत. मतपत्रात कोणते कागद पाहिले, कोणते मिळाले नाहीत, अपेक्षित उपचार काय होता, तो कुठे चुकला, आणि तसा झाला असता तर काय वेगळं घडलं असतं, एवढं यायला हवं. शेवटचा प्रश्न गाळू नका. पालशेतच्या खटल्यात सगळं भांडण त्याचंच होतं.

सरकारी सेवेतल्यांची अडचण मला माहीत आहे. तुम्हाला वरिष्ठांची परवानगी लागते, रजा लागते, आणि साक्षीला गेलात तर त्या दिवशीच्या ओपीडीतले शिव्याशाप झेलावे लागतात. हे आरोग्य खात्याने सोडवायचं आहे. साक्षीचा दिवस ड्युटीचा दिवस धरा, एवढं एक परिपत्रक निघालं तरी पुष्कळ होईल.

आणि निवृत्त डॉक्टरांनो, तुम्हाला वेगळं विचारते. तुमचे पेशंट आता कुणाच्या आयसीयूला जायचे नाहीत. मुलगा असेल कुणाचा बॅचमेट, पण तुमची बढती कुणाच्या हातात नाही. चाळीस वर्षं पोटं उघडलेला माणूस नर्सिंग चार्टकडे पाहून जे ओळखतो, ते मला दहा पुस्तकं वाचून कळणार नाही. सुरुवात तुम्ही करा. पाच शाखांचे पाच जण पुढे आले तरी चालेल.

मतपत्राचा दोन पानी मसुदा मी मराठीत आणि इंग्रजीत तयार केला आहे. त्यात कायद्याच्या बाजूने जे लागतं ते आहे. वैद्यकीय बाजूने काय राहिलं ते तुम्हीच सांगा. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी पाचनंतर मी डिचोली बाजारातल्या माझ्या ऑफिसात असते. मसुद्यावर लाल पेनने खुणा करून पाठवल्यात तर उत्तम. फोनवर सांगणार असाल, तर कृपा करून नंतर लिहूनही पाठवा.

कळावे,
आपली,
डिचोलीतील एक वकील